उमेदवार तीच होती

एलिझाबेथ लाँगफर्डबद्दल काहीही वाचायला घ्या, पहिल्याच वाक्यात नवरा. ब्रिटनच्या लेबर पक्षाच्या मंत्र्याची बायको, कॅथलिक, आठ मुलांची आई, आणि हो, लेखिकापण. अहो पण १९३५ साली चेल्टनहॅममधून लेबरची उमेदवार कोण होती? हीच की! हिचा नवरा फ्रँक पाकेनहॅम (पुढे लॉर्ड लाँगफर्ड) तेव्हा कुठून उभाही नव्हता. मुळात तो कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षासाठी काम करणारा माणूस, त्याला डावीकडे ओढलं हिने. १९४५ ला तो ऑक्सफर्डला क्विंटिन हॉगसमोर पडला, १९५० ला तिथेच, त्याच हॉगसमोर ही पडली. तो मग लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या न निवडलेल्या वरच्या सभागृहात, जाऊन मंत्री झाला, लोकांनी निवडून दिलेला खासदार असा कधी नव्हताच. शाळा सोडायचं वय १६ करायचं सरकारने पुढे ढकललं म्हणून १९६८ ला राजीनामा दिला त्याने, तेवढा बाणेदारपणा मान्य.

पण बर्मिंगहॅमची किंग्ज नॉर्टनची जागा हिला मिळालेली होती. मुलं होत गेली, युद्ध चालू असतानाच हिने ती उमेदवारी सोडली, आणि १९४५ ला तिथे लेबर जिंकलं. आमच्या पेठेत याला 'संसार सांभाळला' म्हणतात आणि वर कौतुक करतात, माझं डोकंच फिरतं.

धर्माचंही तेच. फ्रँक १९४० ला कॅथलिक झाला, बायकोला न सांगता! मराठी माणसाला इथे लक्ष्मीबाई टिळक आठवणारच, रेव्हरंड टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांनाही बातमी नंतरच कळली होती (ते प्रोटेस्टंट, माहितीये, कमेंटमध्ये भांडू नका). लक्ष्मीबाईंनी पाच वर्षं घेतली, एलिझाबेथने सहा, १९४६ ला कॅथलिक झाली. याला 'नवऱ्यामागून गेली' म्हणायचं? सहा वर्षं एका घरात राहून, पोरं वाढवत, स्वतःचं स्वतः ठरवणं म्हणजे मागून जाणं नव्हे. क्वार्टर गेटची माझी मैत्रीण म्हणते, आम्ही जन्माचे कॅथलिक मासला (चर्चमधल्या उपासनेला) उशिरा पोचतो, असे विचार करून आलेले पहिल्या बाकावर असतात.

मोठं पुस्तक आलं १९६४ ला, व्हिक्टोरिया राणीचं चरित्र, तेव्हा पन्नाशी कधीच उलटलेली. राणीला नऊ मुलं, हिला आठ. बाळंतपणाला वैतागलेली राणी जिने आठ वेळा ते सोसलंय तिच्या हाती लागली हे राणीचं नशीबच म्हणायचं, नाहीतर कुणीतरी प्रोफेसर तिथून दोन ओळींत पुढे गेला असता.

नंतर वेलिंग्टनचे दोन खंड. वेलिंग्टन म्हणजे आपला वेलस्ली हो, १८०३ च्या एप्रिलमध्ये बाजीरावाला परत गादीवर बसवायला पुण्यात आलेला आणि सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांना हरवणारा. त्याची बायको किटी ही पाकेनहॅमांचीच मुलगी. म्हणजे हिने चक्क सासरच्या जावयाचं चरित्र लिहिलं. पहिला खंड १९६९ चा, आणि त्याच वर्षी हिची मुलगी कॅथरीन गाडीच्या अपघातात गेली. तरी १९७२ ला दुसरा खंड आला. ते कसं जमवलं असेल याचा विचार करत मी परवा अर्धी रात्र जागी होते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आमची काकू. काका नगरसेवक होते, इलेक्शन आलं की घरात पन्नास चपला आणि गॅसवर सतत चहाचं पातेलं. काकू लिहायची हे कुणाला माहीतच नव्हतं, ती गेल्यावर दुधाच्या हिशोबाच्या वह्या रद्दीत देताना मी सहज उलट्या बाजूने उघडल्या तर पानंच्या पानं, कार्यकर्त्यांच्या नकला, काकांच्या भाषणातल्या चुका, सासूबाई, सगळं. शाई पुसट झालीये, काही पानं चिकटलीयेत, रोज दोन-दोन करून टाईप करतेय. काल जे पान केलं त्यावर एवढंच होतं, 'उद्या मतमोजणी. दूध तीन लिटर जास्त सांगितलंय. हरले तरी चहा लागणारच.'