बारा गुणांची लोकशाही

यंदा दहावीचं राज्यशास्त्र नव्यानेच गळ्यात पडलेल्या सर-मॅडम, घाबरू नका. तुमची पदवी मराठीची असो की भूगोलाची, हा विषय कोणालाही देता येतो, कारण तो कोणी मागतच नाही. 40 गुणांच्या पेपरात इतिहासाला 28 आणि राज्यशास्त्राला 12. संविधानाची वाटचाल, निवडणुका, राजकीय पक्ष, चळवळी आणि लोकशाहीसमोरची आव्हानं, सगळं त्या 12 मध्ये बसवायचं असतं.

तुमचा तास मधल्या सुट्टीनंतरचा असेल. गणिताच्या सरांचा पोर्शन मागे पडलेलाच असतो. त्यांनी दारातून नुसती मान हलवली की तास देऊन टाका.

शिकवायचीच वेळ आली तर एका मुलाला वाचायला उभं करा आणि अधूनमधून 'इथे अंडरलाइन करा, हे येतं' म्हणत राहा. मतदानाचं वय 21 वरून 18 झालं, अंडरलाइन. का झालं, असं कोणी विचारलंच तर 'ते परीक्षेला नाही.'

निवडणूक प्रक्रियेचा धडा संपला की वर्गाचा मॉनिटर तुम्हीच नेमा.

26 नोव्हेंबरला मैदानात रांगा लावून उद्देशिका म्हणवून घ्या. 'विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य' इथवर पोरं आली की माइकवरून ओरडा, 'मागे कोण बोलतंय रे?'

वर्षातून एकदा तालुका विधी सेवा समितीकडून वकीलसाहेब येतील. पोक्सो, सायबर गुन्हे, वाहतुकीचे नियम, सगळं अर्ध्या तासात, त्यातही सत्कार आणि नारळ आलेच. शेवटी 'कोणाला काही शंका?' असं विचारताना मुलांकडे असं बघा की कोणाला शंका राहणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माहितीच्या अधिकाराशी जरा जपून. 2005 चा कायदा, कारभार पारदर्शक झाला, पुढचा परिच्छेद. इथे रेंगाळलात तर घोटाळा होतो. गेल्या आठवड्यात आमच्या कन्येच्या वर्गात झाला. तिने हात वर करून विचारलं, 'मॅडम, जूनमध्ये आपल्याकडून कॉम्प्युटरचे पैसे घेतले आणि लॅबला अजून कुलूपच आहे. त्याचा हिशोब मागता येईल का?' प्रश्न धड्यातलाच होता. शाळा अनुदानित आहे, सरकारी पैशावर चालते, म्हणजे या कायद्यात येते. साधा अर्ज, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, माहिती कशाला हवी ते सांगायची गरज नाही आणि 30 दिवसांत उत्तर. याहून चांगला स्वाध्याय कुठल्या गाइडात छापून आलाय?

मॅडमनी काय करावं? तास संपेपर्यंत तिला उभं ठेवलं. 'वकीलीणबाई व्हायचंय का?' म्हणून वर्गाला हसवलं. डायरीत लाल पेनाने शेरा: 'उलट बोलते. पालकांनी भेटावे.' भेटलो. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे बाबासाहेबांचा फोटो, टेबलावर माझ्यासाठी चहा. 'पोरगी हुशार आहे हो,' ते म्हणाले, 'पण अंतर्गत मूल्यमापन आमच्याच हातात असतं, तेवढं तिला सांगा.' सामाजिक शास्त्रांचे ते 20 गुण! म्हणजे 12 गुणांचा विषय मन लावून शिकलं तर 20 जातात. हे गणित मात्र कोणत्याही तासाला न शिकवता पोरांना पक्कं येतं.

आणि तुम्ही म्हणता आजची पिढी प्रश्नच विचारत नाही. विचारेल कशी? विचारलं की डायरी!

तुमच्या डोक्यावर काय काय असतं ते मला दिसत नाही असं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं बाहेरचं काम देता येत नाही. तुमच्याकडून त्यापलीकडचं किती करून घेतात हे तुम्हीच स्टाफरूममध्ये सांगता. वर मात्र ब्र काढत नाही. ठीक आहे, नोकरी आहे. पण मग पंधरा वर्षांच्या पोरीने तोंड उघडलं तर तुमचं पित्त का खवळतं? तिने शिवी दिली नाही, चोर म्हटलं नाही, नुसता हिशोब विचारला. पैसे घेतलेत ना? मग लॅब उघडा. नसेल उघडायची तर पैसे परत करा. तेही जमत नसेल तर तसं सरळ सांगा. पोरीला मार्कांची धमकी कसली देता? तीही आईबापाला बोलावून, समोर चहा ठेवून? लाज वाटायला हवी होती.

अर्ज दिलाय. मुद्दे तिने सांगितले, सही माझी आहे. पोच घेतलेली आहे. उत्तर लेखी द्या, चहाला बोलावू नका.