कडा घासा म्हटलं होतं, चित्र पुसा नव्हे!

दिवसभराची कामं उरकून, घरचे झोपले की रात्री साडेअकराला माझ्या वाट्याला जेमतेम एक तास येतो. तोही डोळे चोळत घालवायचा का?

काल नवा गेम लावला. उभा होतो तोवर चित्र सुरेख. पळायला लागलो आणि झाडांच्या पानांचा नुसता लगदा! पक्षी उडाला, तर त्याच्यामागे काळसर शेपूट. सेटिंगमध्ये गेलो. अँटी-अलायझिंग, म्हणजे कडांच्या दातेरी पायऱ्या घासून गुळगुळीत करणं; त्यात पर्याय दोनच: टीएए लो, टीएए हाय. 'बंद' नाहीच!

टीएए (टेम्पोरल अँटी-अलायझिंग) दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या दर नव्या चित्राला, कॅमेरा एका पिक्सेलहूनही कमी सरकवतं आणि आधीच्या फ्रेम नव्या फ्रेममध्ये मिसळतं. त्याने कडेच्या पायऱ्या जातात, हे मलाही मान्य आहे. पण काही हललं, मागचं झाकलेलं उघडं पडलं, की जुना हिशेब चुकतो आणि पडद्यावर भूत रेंगाळतं. जुनं एमएसएए, म्हणजे कडा घासायची आधीची पद्धत, फक्त आकारांच्या कडा घासायचं, बाकी चित्राला हात लावत नसे. डिफर्ड रेंडरिंग, म्हणजे आधी दर पिक्सेलची माहिती साठवून प्रकाशाचा हिशेब नंतर करायची पद्धत, आली, दर पिक्सेलला चार-चार नमुने साठवणं मेमरीला झेपेना, म्हणून एमएसएए मागे पडलं. ओल्या रस्त्याच्या लकाकीतली चमचमही त्याला आवरायची नाही. सगळं कबूल. पण म्हणून आम्हाला निवडच ठेवायची नाही?

शेवटी गेमची फाइल उघडून हाताने बंद केलं. तर नायिकेचे केस चाळणीसारखे, भोकंच भोकं! केस मुळातच ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेत, टीएए ते फासून एकजीव करेल या भरवशावर. अर्धवट काम करायचं आणि वर धुकं पसरायचं! पूर्ण पैसे मोजलेत मी.

जेल रोडवरचा दुकानदार म्हणतो, "भिया, फोर-के मॉनिटर ले लो, सब साफ दिखेगा." दिसेलही. १९२० बाय १०८० च्या चौपट पिक्सेल, तिथे हा धूसरपणा कमी जाणवतो. पण ते चौपट पिक्सेल ओढणारं ग्राफिक्स कार्ड कुठून आणू? माझ्यासारखे कितीतरी जण अजून १०८०पीवरच खेळतात, त्यांनी काय चष्मा बदलायचा?

मला एक 'बंद'चं बटण द्या, आणि ते दाबल्यावर केस केसांसारखे दिसू द्या. कडा दातेरी राहिल्या तरी चालतील. झुडपाआड लपलेला शत्रू मला गोळी लागायच्या आधी दिसला पाहिजे.