फाइल अशी लिहावी की आपल्यावाचून कोणाचे अडले पाहिजे

अरबी समुद्रात सीटीडी हे खोलीनुसार पाणी मोजणारे उपकरण खाली सोडून तापमान, क्षारता, प्राणवायू आणि दाब यांच्या ज्या नोंदी आपण रात्री जागून गोळा करता, त्या नेटसीडीएफ या वैज्ञानिक आकडे साठवण्याच्या प्रकारातल्या फाइलमध्ये भरताना एकच पथ्य पाळावे: ती फाइल आपल्यावाचून कोणाला उमगता कामा नये. ‘क्लायमेट अँड फोरकास्ट’ म्हणजेच सीएफ या नावाने जगभर चालणारे मेटाडेटाचे (म्हणजे आकड्यांविषयीच्या माहितीचे) संकेत नेमके याच्या उलट सांगतात. प्रत्येक राशीला ठरलेले प्रमाण नाव द्या, एकक लिहा, काळ कोणत्या दिवसापासून मोजला ते नोंदवा, असा त्यांचा आग्रह असतो. आणि एवढे सगळे लिहून ठेवल्यावर आपल्याला फोन कोण करणार, याचा विचार त्यात कुठेच दिसत नाही.

तापमानाला नुसते ‘टी’ म्हणावे. ते जागेवर मोजलेले आहे की पोटेन्शियल, म्हणजे दाबाचा परिणाम वजा केलेले, हे वाचणाऱ्याने आपल्या वकुबाप्रमाणे ठरवावे. क्षारतेला ‘एस’ पुरे, कारण एककरहित प्रॅक्टिकल क्षारता आणि टीईओएस-१० या समुद्रपाण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाची ग्रॅम प्रति किलोग्रॅममधली निरपेक्ष क्षारता या दोन्हींचे आकडे पस्तिसाच्या आसपासच असतात आणि तोंडावरून ओळखू येत नाहीत.

प्राणवायूच्या बाबतीत मात्र थोडी अधिक कल्पकता दाखवता येते. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटरांच्या पट्ट्यात प्राणवायू जेमतेम उरतो, आणि तिथले जीवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेटवर निभावतात की नाही, हे त्या उरल्यासुरल्या आकड्यावर ठरते. अशा थरापुढे ‘०.८’ लिहून एकक गाळावे. ते लिटरमागे मायक्रोमोल असतील तर प्राणवायू संपल्यात जमा. मिलिलिटर प्रति लिटर असतील तर लिटरमागे सुमारे ३६ मायक्रोमोल शिल्लक. दोन्ही बाजूंनी शोधनिबंध निघू शकतात, ही आपली विज्ञानसेवाच म्हणायची.

स्थानकाची जागा लिहिताना १५ अंश ३० मिनिटांचे ‘१५.३०’ करावे. दशांशात ते १५.५ व्हायला हवे होते, पण बारा सागरी मैलांची किरकिर कशाला? शिवाय आपल्या समुद्रात ही चूक मोठी शिस्तीची असते: स्थानक नेहमी दक्षिणेला आणि पश्चिमेलाच सरकते, त्यामुळे गोव्याच्या किनाऱ्याजवळची मोजणी आपोआप खोल पाण्याकडे जाते. खोली खालच्या दिशेने वाढते, हे सांगणारा ‘पॉझिटिव्ह’ हा गुणधर्मही गाळावा. आलेख उलटा काढून समुद्र आभाळात चढला, तर तो काढणाऱ्याचा दोष.

तारखेच्या जागी ‘२२६४६’ एवढेच असावे. आर्गो तरंड्यांप्रमाणे (समुद्रात आपोआप मोजणी करणाऱ्या तरंगत्या यंत्रांप्रमाणे) १ जानेवारी १९५० पासून मोजल्यास तो २ जानेवारी २०१२ हा दिवस येतो, आणि १९७० पासून मोजणाऱ्याला २०३२ मधली नोंद आजच हाती लागते. न मिळालेल्या मोजणीसाठी ‘-९९९’ घालावे, पण ते कोरे स्थान आहे असे फाइलला कळू देऊ नये. वीस अंशांच्या नऊ नोंदींत असा एक आकडा मिसळला की सरासरी उणे ८१.९ येते, हवामानबदलाच्या काळात तेवढाच गारवा.

एवढ्यावरही कोणी संकेतपालनाची तपासणी करून आणा म्हणाले, तर घाबरू नये. तपासणी करणारी आज्ञावली प्रमाण नावाशी एकक जुळते का, हे पाहते. आत भरलेला आकडा खरोखर त्या एककातला आहे का, हे तिला कळत नाही. तेव्हा एखाद्या नीटनेटक्या फाइलचा हेडर, म्हणजे नावे-एकके सांगणारा वरचा भाग, जसाच्या तसा उचलून आपल्या आकड्यांवर चिकटवावा. त्यात दुसऱ्याच मोहिमेचे नाव आणि बंगालच्या उपसागराच्या सीमा राहिल्या, तरी बहुधा एकही त्रुटी निघणार नाही, आणि तो अहवाल छापून फाइलसोबत जोडता येईल.