आपला गावनी कंपनी शे ना!

अमळनेरात बेकार राहणं आणि इतर कुठल्याही गावात बेकार राहणं, यात फरक आहे. इतर गावांतला बेकार निदान म्हणू शकतो, "इथं कंपन्याच नाहीत हो." आम्हाला ती सोय नाही. २९ डिसेंबर १९४५ ला आमच्या गावात वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. त्याच नावाचं पुढे विप्रो झालं, तुपाकडून कारभार संगणकाकडे गेला, मुख्यालय बंगळुरूला गेलं. आमच्या वाट्याला अभिमान आला. तो मला रोज सकाळी दूध आणायला जाताना ऐकावा लागतो.

"का रे भो, लागनी का नोकरी?" ओट्यावरून जिभाऊ.

"नही ना, जिभाऊ."

"मंग आपला गावनी कंपनी शे ना!"

हे ते अशा थाटात म्हणतात, की मी बंगळुरूला जाऊन गेटवर "जिभाऊंनी पाठवलंय" एवढं सांगायचाच अवकाश, आतून खुर्ची येईल. मी बी.कॉम. आहे, मला टॅली येतं, तीन वर्षं एका दाळमिलमध्ये हिशेब लिहिलाय, ती बंद पडली म्हणून घरी बसलोय, हे सगळं त्यांना ठाऊक आहे. पण गावाचा मान राखण्यापुढे माझ्या टॅलीची काय पत्रास.

या अभिमानाला आमच्या घरात एक जखमही आहे. गावातल्या ज्या लोकांनी जुन्या काळी या कंपनीचे शेअर घेतले आणि ट्रंकेत ठेवून विसरले, त्यांतले कितीतरी पुढे कोट्यधीश झाले. आमच्या आजोबांनाही कुणीतरी सांगितलं होतं, घेऊन ठेवा. आजोबा व्यवहारी. ते म्हणाले, कागद दूध देतो का? आणि त्यांनी म्हैस घेतली. म्हैस दोन वर्षांत आटली. आजही घरात कुणाचं लग्न असलं, की वरण-बट्टीची पंगत उठल्यावर म्हातारी मंडळी त्या म्हशीचा विषय काढतात आणि हळहळतात. मी बट्ट्या वाढत असतो. (बेकार माणसाला लग्नात पाटावर बसायला मिळत नाही. त्याच्या हातात आपोआप बादली येते.)

आप्पांचं म्हणणं वेगळं. ते शेअरवर जात नाहीत, थेट माणसावर जातात. "अझीम प्रेमजींनी एकविसाव्या वर्षी कंपनी हातात घेतली. तू सव्वीसचा झालास." परवा जेवताना चौथ्यांदा हे ऐकलं आणि उत्तर जिभेवर आलं, की १९६६ मध्ये त्यांच्या हातात कंपनी आली ती वडील वारले म्हणून. वाक्य अर्ध्यात गिळलं. ताटात कळण्याची भाकरी होती आणि शेवभाजी अजून वाढायची होती.

तसं मी काही स्वस्थ बसलेलो नाही. २०२३ ची तलाठी भरती निघाली तेव्हा एक हजार रुपये भरून मीही अर्ज केला होता. जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज दहा लाखांवर. निकालाबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

खाजगी कंपन्यांचे ऑनलाइन फॉर्म भरताना तर विद्यापीठाच्या नावापाशीच गाडी अडते. माझ्या पदवीवर छापलंय : कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. फॉर्मच्या चौकटीत ते "कवयित्री बहिणाबाई चौ" इथपर्यंतच मावतं. मुलाखतीला एकाने विचारलंही, "हे कवितेचं काही आहे का?" मी म्हटलं, "नाही, अकाउंट्सचं." मनात आलं, ज्या माउलीने शाळेचं तोंड पाहिलं नाही, तिच्या नावाची पदवी घेऊन मी दारोदार फिरतोय. तिला निदान शेतात काम तरी होतं.

आईचे उपाय निराळे. मंगळ ग्रह मंदिरात दर मंगळवारी बाहेरगावचे लोक गाड्या करून येतात, लग्न जमावं म्हणून. आई मला तिथे नोकरीसाठी पाठवते. "नोकरी लागली की लग्न आपोआप जमतं, एकच अर्ज दोन कामांना," असं तिचं गणित.

आणि मग मे महिन्यात पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. ऑनलाइन मुलाखत, दुपारी दोन वाजता.

खान्देशातल्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता कुणी कुणाला काही विचारत नाही. पारा चव्वेचाळीसवर, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही, घरोघर पत्र्याचे कूलर चालू. आमचा कूलर लावला की घरात एस.टी. उभी राहिल्यासारखं वाटतं. त्यात बादलीने पाणी ओतणं, हे बेकारीतलं माझं एकमेव कायमस्वरूपी पद. मी शर्ट घातला, केस चापून बसवले, मोबाइल गव्हाच्या कोठीला टेकवला.

"तुमच्या मागे काही मशीन चालू आहे का?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

मी उठून कूलर बंद केला. तिसऱ्या प्रश्नाला घाम भुवईवर आला, पाचव्याला डोळ्यांत. जीएसटीचं रिटर्न कसं भरतात ते मी डोळे मिचकावत सांगितलं.

"रिलॅक्स. तुम्ही फार टेन्शनमध्ये दिसताय."

"नाही मॅडम, हा मे आहे."

एवढ्यात आतल्या खोलीत आप्पांची झोप मोडली. "कूलर कोनी बंद कया रे?"

बाई हसल्या. कागद चाळत म्हणाल्या, "अमळनेर... अमळनेर म्हणजे विप्रो जिथे सुरू झाली तेच ना?"

"हो."

"अरे वा! मग तुम्ही तिथेच का नाही ट्राय करत?"

आप्पा दारात उभे होते. त्यांनी हे ऐकलं. गेल्या दहा महिन्यांत इतक्या समाधानाने त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. पुढे होऊन त्यांनी कूलरचं बटण दाबलं. मी बाईंना दिलेलं उत्तर त्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही, ते बरंच झालं. ते अहिराणीत होतं.