आयबिस मॉडेल कुचकामी नाही: हाय-स्पीड बोर्डाच्या सिम्युलेशनविषयी एक प्रतिवाद

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या महापे-रबाळे पट्ट्यात आणि इकडे वागळे इस्टेटमध्ये बोर्ड डिझाइन करणाऱ्या अभियंत्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश वारंवार फिरतो. त्याचा आशय असा: क्लॉक १०० मेगाहर्ट्‌झच्या आत असेल तर सिम्युलेशनची गरजच नाही, त्यापुढे गेलात तर ट्रान्झिस्टर पातळीचे स्पाइस मॉडेल (चिपच्या आतल्या सर्किटचे गणिती वर्णन) आणि थ्रीडी सॉल्व्हर (बोर्डाच्या त्रिमितीय रचनेवरून विद्युत-चुंबकीय गणित करणारा प्रोग्राम) हवाच, कारण आयबिस मॉडेल, म्हणजे चिपच्या पिनेचे बाहेरून दिसणारे वर्तन तक्त्यांत देणारी फाइल, हा अंदाजपंचे कारभार, आणि तेवढा खर्च झेपत नसेल तर सरळ प्रोटोटाइप करून पाहावा. नव्याने कामाला लागलेली मुले हे प्रमाण मानू लागली आहेत, म्हणून यातील एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत घातक विधान पहिलेच आहे. बोर्डावर जे घडते ते क्लॉक किती मेगाहर्ट्‌झचा आहे यावरून ठरत नाही, तर सिग्नलची कड, म्हणजे शून्यावरून एकवर जाणारी उडी, किती वेळात चढते यावरून ठरते. एफआर-४ बोर्डावर, म्हणजे नेहमीच्या ग्लास-इपॉक्सी बोर्डावर, सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटीमीटर जातो. राइज टाइम, म्हणजे कड चढायला लागणारा वेळ, १ नॅनोसेकंद असेल तर कडेच्या त्या लांबीच्या सहाव्या हिश्शाहून, म्हणजे अडीच सेंटीमीटरहून, लांब ट्रेस (बोर्डावरची तांब्याची रेघ) ट्रान्समिशन लाइन, म्हणजे टोकांवरून लहरी परावर्तित करणारी वाहिनी, धरावा, हा जुना ठोकताळा आहे. आजकालच्या साध्या मायक्रोकंट्रोलरची पिनसुद्धा वेगवान सेटिंगला एवढी कड सहज देते, मग क्लॉक ८ मेगाहर्ट्‌झचा असो की ८० चा.

हे मी महाप्यातच अनुभवले आहे. आमच्या एका बोर्डावर ८ मेगाहर्ट्‌झचा एसपीआय (चिपांना जोडणारी सिरियल बस) क्लॉक २२ सेंटीमीटर धावत होता. शॉप फ्लोअरवर, मे महिन्याच्या उकाड्यात, बोर्ड दिवसभर बिनचूक चालायचा आणि वातानुकूलित लॅबमध्ये आणला की मधूनच एखादा बिट जास्तीचा सरकायचा. आठवडाभर आम्ही फर्मवेअरला दोष देत राहिलो. अखेर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हरची (सिग्नल पाठवणाऱ्या पिनेची) आयबिस फाइल घेतली, ६५ ओहम इम्पिडन्सचा (लहरीला जाणवणाऱ्या रोधाचा) ट्रेस मांडला आणि एका दुपारीत चित्र स्पष्ट झाले. रिसीव्हर, म्हणजे सिग्नल घेणारी पिन, ५ व्होल्ट सोसणारा होता, त्यामुळे वरच्या बाजूची उसळी अडवणारा क्लॅम्प त्यात नव्हता. परावर्तित लहर ड्रायव्हरकडून उलटून पुन्हा रिसीव्हरवर आली, की पातळी सुमारे ३ नॅनोसेकंद खाली बसत होती. टिपिकल कॉर्नरला (कॉर्नर म्हणजे चिपची घडण, व्होल्टेज आणि तापमान यांची एक गृहीत जुळणी), म्हणजे ड्रायव्हर १८ ओहमचा धरला असता, ती २.२ व्होल्टांवर थांबत होती. जलद कॉर्नरला, जिथे ड्रायव्हर १२ ओहमपर्यंत उतरतो, ती २ व्होल्टांच्या खाली जात होती. रिसीव्हर ‘एक’ वाचण्याची हमी २ व्होल्टांपर्यंतच देतो. सीमॉस ड्रायव्हर थंडीत अधिक जोरकस होतो, म्हणून बिघाड लॅबमध्ये दिसत होता आणि शॉप फ्लोअरवर दिसत नव्हता. ड्रायव्हरच्या पिनेलगत ४७ ओहमचा रेझिस्टर टाकला आणि प्रश्न मिटला.

या एका उदाहरणात संदेशातील शेवटच्या सल्ल्याचेही उत्तर आहे. प्रोटोटाइप म्हणजे एका तापमानाला, एका व्होल्टेजला, हाती आलेल्या एका लॉटच्या चिपवर घेतलेली चाचणी. तिने कॉर्नर दाखवला तर तो योगायोगाने.

आता आयबिसवरच्या आक्षेपाकडे वळतो. आयबिसचा जन्म १९९३ मध्ये इंटेलच्या पुढाकाराने झाला तो स्पाइसची स्वस्त नक्कल म्हणून नव्हे. ट्रान्झिस्टर पातळीचे मॉडेल दिले की चिपची प्रक्रिया आणि सर्किट उघडे पडते, म्हणून उत्पादक ते देत नाहीत, किंवा करारनामा करून एन्क्रिप्टेड रूपात देतात, आणि ते मोठ्या बसवर (अनेक समांतर सिग्नलांच्या गटावर) चालवायला फार वेळ घेते. आयबिस फक्त पिनेचे बाहेरून दिसणारे वर्तन देते: व्होल्टेज आणि प्रवाहाचे तक्ते, कड कशी चढते-उतरते त्याचे तक्ते, पिनेची कपॅसिटन्स, पॅकेजचे घटक, आणि तेही तीन कॉर्नरांत. बोर्डावरच्या परावर्तनाचा प्रश्न सोडवायला नेमके एवढेच लागते. मर्यादा अर्थातच आहेत. सप्लाय खचल्यामुळे कड कशी बदलते हे हवे असेल तर त्यासाठीचे तक्ते असलेली, आवृत्ती ५ किंवा पुढची फाइल लागते. आणि इक्वलायझेशन (वाटेत बिघडणारा सिग्नल सावरणे) असलेल्या सिरियल लिंकसाठी, उदाहरणार्थ सेकंदाला ८ गिगाट्रान्सफरच्या पीसीआय एक्सप्रेससाठी, आयबिस-एएमआय (इक्वलायझेशनचे अल्गोरिदम सोबत देणारा आयबिसचा विस्तार) हवे.

संदेशकर्त्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे: उत्पादकाची आयबिस फाइल पुष्कळदा गचाळ असते. ती मिळताच मोफत तपासणी प्रोग्रामातून काढावी, मॉडेल सिलेक्टरमध्ये (एकाच पिनेच्या पर्यायी मॉडेलांच्या यादीत) आपण फर्मवेअरने निवडलेलीच ड्राइव्ह स्ट्रेंग्थ (पिनेचा जोर) आहे ना ते पाहावे आणि टेस्ट लोडवरची कड डेटाशीटशी ताडावी. पण फाइल गचाळ असू शकते म्हणून पद्धतच टाकाऊ ठरत नाही. गचाळ स्पाइस मॉडेलही असतात, आणि एन्क्रिप्टेड असल्यामुळे ती उघडून पाहता येत नाहीत.

थ्रीडी सॉल्व्हरबाबतचे विधान अर्धे खरे आहे. ज्या सरळ ट्रेसखाली अखंड ग्राउंड आहे, त्याचा इम्पिडन्स टूडी सॉल्व्हर (फक्त काटछेदावर गणित करणारा) तितकाच अचूक देतो आणि क्षणात देतो. थ्रीडी लागतो तो व्हायापाशी (थर जोडणाऱ्या छिद्रापाशी), कनेक्टरपाशी, बीजीएच्या (तळाशी गोळ्यांच्या जोडण्या असलेल्या चिपच्या) खालून ट्रेस बाहेर काढताना, आणि खालचा प्लेन तुटलेला असेल तिथे. व्हायाचा लोंबता तुकडा (सिग्नलच्या वाटेबाहेर उरलेला भाग) २ मिलिमीटरचा आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४ धरला तर पाव तरंगलांबीच्या अनुनादाचा हिशेब सुमारे १८.७५ गिगाहर्ट्‌झ येतो. पॅडच्या कपॅसिटन्समुळे तो प्रत्यक्षात आणखी खाली सरकतो. सेकंदाला २५ गिगाबिटच्या लिंकला, जिची नायक्विस्ट फ्रिक्वेन्सी (बिटरेटच्या निम्मी) १२.५ गिगाहर्ट्‌झ आहे, हा तुकडा नडतो आणि तिथे बॅकड्रिलिंगचा (तो तुकडा पोखरून काढण्याचा) निर्णय थ्रीडीवरच घ्यावा. ३२०० च्या डीडीआर-४ मेमरीला, १.६ गिगाहर्ट्‌झपाशी, तो जवळजवळ जाणवत नाही. दोन्ही बोर्डांना एकच टूल घ्यायला सांगणारा सल्ला मला बेजबाबदार वाटतो, कारण आमच्यासारख्या लहान कंपनीचे वर्षाचे बजेट त्यावर ठरते.

शिवाय सॉल्व्हर कितीही महाग असला तरी तो आपण भरलेल्या स्टॅकअपवरच (बोर्डाच्या थरांच्या मांडणीवरच) गणित करतो. लॅमिनेटच्या माहितीपत्रकातला डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचा ४.५ हा आकडा बहुधा १ मेगाहर्ट्‌झचा असतो. गिगाहर्ट्‌झमध्ये तो ४ च्या आसपास येतो, आणि एवढ्याने इम्पिडन्स सुमारे ६ टक्के सरकतो. फॅबची (बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याची) नेहमीची हमी १० टक्क्यांची असते, त्यातला निम्म्याहून अधिक वाटा आपण कागदावरच गमावतो. म्हणून लेआउट सुरू करण्यापूर्वी फॅबकडून प्रेप्रेगची (राळ भिजवलेल्या काचकापडाची) शैली, प्रेसनंतरची जाडी आणि ट्रेसची तयार रुंदी लेखी मागवावी, आणि पॅनेलच्या कडेला टेस्ट कूपन (मोजण्यापुरता नमुन्याचा ट्रेस) ठेवून त्याचे टीडीआर मोजमाप (परावर्तित लहरीवरून इम्पिडन्स मोजणे) बोर्डांसोबतच घ्यावे. कूपनाचे पैसे लागतात, पण पुढच्या बोर्डाच्या सिम्युलेशनला स्थिरांक कोणता भरायचा हे त्या मोजमापावरून ठरते.