सातबारा माझा, कूळ त्यांचं

काल वीस तारीख होती. वीस तारीख म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत, त्यांनी तसंच राहावं.

रात्रीचे ९ वाजून ४० मिनिटं. शेवटची थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न. तासगावच्या बेदाणेवाल्या शेठची, ज्यांना जीएसटी नावाची गोष्ट दर महिन्याच्या विसाव्या तारखेलाच, तीही संध्याकाळच्या चहानंतर आठवते. आकडे जुळले, पैसे भरले, ओटीपी मागवला. तो जातो शेठच्या मोबाइलवर. शेठ जेवत होते. "थांबा ओ, हात धुतो." हात धुतले, चष्मा शोधला, मग एकेक आकडा तुरीतला खडा निवडल्यासारखा निवडून सांगायला लागले. चार आकडे टाकले. पाचवा टाकणार, तोच उजव्या कोपऱ्यातनं एक लाल पाटी वर आली आणि अर्धी स्क्रीन अडवून बसली. 'तुमचं संरक्षण संपलंय! तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे!'

अरे, तुला तर मी पाडव्यालाच उडवला होता! लॅपटॉपला हळदकुंकू वाहायच्या आधी! बायको आरतीचं ताट घेऊन उभी, आणि मी 'फुकट तीस दिवस'वाला अँटिव्हायरस काढत बसलेलो. "अहो, मुहूर्त चाललाय," ती म्हणाली. मी म्हटलं, आधी घर झाडू दे, मग पूजा.

तर पाटी. तिला फुली होती, नाही असं नाही. तिळाएवढी, पांढऱ्यावर पांढरी. ती दाबली तर पाटी गेली नाही, ब्राउझर उघडला, आणि त्यात पैसे भरायचं पान. पहिल्या वर्षी भरघोस सूट, दुसऱ्या वर्षाचा भाव खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. ते पान बंद करेपर्यंत दुसरं उघडलं. ते बंद करून परत येतोय तर ओटीपीची वेळ संपलेली. पुन्हा मागवला. शेठचा फोन उचलायला कुणी नाही, कारण शेठ शतपावलीला आणि फोन चार्जिंगला. रिटर्न गेलं ११ वाजून ५२ मिनिटांनी. वर शेठ म्हणतात, "आज जरा उशीर झाला ओ तुमच्याकडनं."

माझ्याकडनं!

आणखी आठ मिनिटं गेली असती तर लेट फी दिवसाला ५० रुपये. पन्नासाचं काही नाही हो, खिशातनं भरले असते. पण शेठ पुढची दहा वर्षं प्रत्येक सौद्याला ते ५० रुपये सांगत फिरले असते.

मग बसलो शोधायला, हा पुन्हा उगवला कुठनं. तर म्हणे मुख्य प्रोग्रॅम गेला होता, पण त्याच्या सोबत एक 'सल्लागार' आलेला, ब्राउझरला चिकटलेला, दुसऱ्याच नावानं. त्याला काढायला गेलो. 'तुम्ही खरंच जाताय?' मी कुठं जातोय, माझंच घर आहे, तू जा! पुढं प्रश्न : का काढताय? पाच कारणं दिलेली, त्यांत 'तोंड बघायचं नाही' हे नाही. संरक्षण चालू ठेवायचं बटण हिरवंगार, पंगतीच्या केळीच्या पानाएवढं. काढायचं बटण राखाडी, ते बटण आहे हेही कळू नये अशा बेतानं ठेवलेलं. ते दाबल्यावर रीस्टार्ट. रीस्टार्टनंतर कळलं, काही अवशेष राहिलेत, ते काढायला त्यांच्याच साइटवरनं वेगळं अवजार उतरवून घ्या. म्हणजे भूतही यांचं आणि मांत्रिकही यांचाच.

बरं, हा एकटा असता तर सोडून दिलं असतं. लॅपटॉप घरी आणला तेव्हा आत सगळं वऱ्हाड आधीच जेवायला बसलेलं होतं. गोळ्या फोडायचा खेळ. हवामान, जे सांगलीला ऊन पडलं असताना 'पावसाची शक्यता' सांगतं. बातम्यांची पट्टी, जिच्यात कुठल्या नटीनं कुठल्या गावी काय घातलं हे मला रोज सकाळी कळतं. एक मदतनीस, ज्याला मी आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही आणि जो रोज 'काय मदत करू?' म्हणतो. लॅपटॉप कंपनीची स्वतःची तीन ॲप्स, तिन्हींचं काम एकच : चौथं घ्या म्हणून सांगायचं. आणि ते ढगात फायली ठेवणारं, त्यानं तर मला न विचारता अख्खा डेस्कटॉप उचलून वर नेला, फुकटचे ५ जीबी भरले आणि मलाच बजावलं की जागा संपली, आता विकत घ्या. माझंच सामान माझ्याच घरातनं उचलायचं आणि गोदामाचं भाडं मला लावायचं!

आमच्या आजोबांची जमीन कुळकायद्यात गेली. १ एप्रिल १९५७ ही तारीख आमच्या घरात श्राद्धाच्या तिथीसारखी निघते. अण्णा अजून म्हणतात, सातबाऱ्यावर कूळ लागलं की संपलं. लहानपणी मला ते कळायचं नाही, आता कळतं. लॅपटॉपच्या सातबाऱ्यावर मालक म्हणून माझं नाव, हप्ते मी भरतोय, आणि खाली इतर हक्कांत ही पंचवीस नावं. त्यातही फरक असा की आमच्या कुळानं जमीन कसली तरी. घाम गाळला, ऊस लावला. हे काय लावतात? जाहिराती.

दुकानदाराला विचारलं होतं मी घेतानाच. विश्रामबागला, एसीत बसून. म्हणाला, "कंपनीकडनंच तसं येतंय ओ साहेब, आपल्या हातात काय नाय." हे वाक्य मी आयुष्यभर ऐकतोय. गॅसचं कनेक्शन घेतलं तेव्हा शेगडी गळ्यात मारली, घरात एक असताना. लॉकर मागायला गेलो तर आधी पॉलिसी काढा. टीव्हीच्या रिमोटवर चार बटणं अशा ॲप्सची, ज्यांचे पैसे मी भरत नाही आणि भरणारही नाही. पण अण्णांचा अंगठा आवाज वाढवताना बरोब्बर त्यांवरच पडतो आणि ऐन बातम्यांत कोरियन भाषेतलं काहीतरी सुरू होतं. ती बटणं अनइन्स्टॉल कशी करायची सांगा बरं. मी चिकटपट्टी लावलीय.

हां, आणि ५१२ जीबी म्हणून घेतलेला लॅपटॉप उघडल्यावर ४७६ दाखवतो. हिंजवडीचा भाचा म्हणाला, "मामा, कंपनी हजारानं मोजते आणि मशीन १०२४ नं, म्हणून." ते पटलं मला. आपल्याकडं मण आणि क्विंटलमध्ये लोकांनी बंगले बांधलेत. पण उरलेल्या ४७६ मध्ये तरी माझं मला राहू द्या ना!

जुनं मशीन असलं नव्हतं. मारुती चौकाजवळच्या ऑफिसात असेंबल्ड पीसी होता, २०१९ च्या पुरात गेला. तो जोडून देणारा पोरगा आधी विचारायचा, "काय काय टाकू?" आपण सांगायचं, हिशेबाची टॅली टाक, मराठी फॉन्ट टाक, बाकी काही नको. तो तेवढंच टाकायचा. कुठनं आणून टाकायचा हे विचारायचं नसतं.

यामागं पैसा आहे हे मला कळत नाही असं समजू नका. लॅपटॉप विकून सुटतं थोडं, मग आत जागा भाड्यानं द्यायची, एसटी स्टँडवरच्या गाळ्यांसारखी. पण भाडेकरू कोण आहे हे तरी बघावं की नाही? २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपांत 'सुपरफिश' नावाचं आधीच बसवलेलं सॉफ्टवेअर सापडलं. (माझा लॅपटॉप त्या कंपनीचा नाही, उगाच अंदाज बांधू नका.) ते जाहिराती घुसवता याव्यात म्हणून सुरक्षित साइटच्या कुलपाला स्वतःची किल्ली लावत होतं. बँकेची साइटसुद्धा त्यातनं सुटत नव्हती. म्हणजे भाडेकरूनं तिजोरीची डुप्लिकेट करून घेतली, कशासाठी, तर आत साबणाचं पोस्टर लावायला.

आणि सगळ्यात डोकं कशानं फिरतं सांगू? युरोपात २०२४ च्या मार्चपासून डिजिटल मार्केट्स ॲक्ट पाळणं बड्या कंपन्यांना भाग पडलं. तिथल्या माणसाला आधीपासून भरलेली ॲप्स सहज काढता आली पाहिजेत, असा कायदाच. तिथं ती निघतात. म्हणजे निघू शकतात! इथं सांगलीत मी त्याच यादीत जातो, तीन ठिपके दाबतो, तर अनइन्स्टॉलचं बटण राखाडी. निघत नाही असं नाही, काढू द्यायचं नाही. आपल्याकडं नुसती ओरड झाली असंही नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात स्पर्धा आयोगानं फोनवरच्या मक्तेदारीबद्दल गूगलला १३३७ कोटींवर दंड ठोठावला, त्यात आधीच भरून दिलेल्या ॲप्सचाही मुद्दा होता. पण ते फोनचं. लॅपटॉपवाल्यांनी कुणाकडं जायचं, ग्रामदैवताकडं?

दुरुस्तीवाल्या पोराकडं गेलो होतो मध्ये. त्याचं औषध एकच, ताप असो वा मोडलेला हात : "फॉरमॅट मारूया." फॉरमॅट मारला की सगळं वऱ्हाड नव्यानं येतं बाबा! भाच्याचं औषध त्याहून जालीम, "मामा, विंडोज काढून लिनक्स टाका." टॅली कशावर चालवू, तुझ्या डोक्यावर? लेकीसाठी वेगळं खातं उघडलं तर तिच्याकडं गोळ्यांचा खेळ पुन्हा हजर. भाच्यानंच सांगितलं, तुम्ही काढलं ते फक्त तुमच्या खात्यातनं, बियाणं सिस्टिममध्ये राखून ठेवलेलं असतं, नवं खातं दिसलं की उगवतं. हरळी आहे ही हरळी. वरनं कितीही खुरपा, मुळी खालीच.

तर काल रात्री बारा वाजता, शेठचं ते 'तुमच्याकडनं' कानात वाजत असताना, मी ठरवलं की आज मुळीच काढायची. पॉवरशेल नावाची ती निळी खिडकी उघडली. तिथं एक ओळ लिहायची असते : आधी यादी आण, मग उभी रेघ, मग काढून टाक. यादीच्या पुढं कुणाला काढायचं त्याचं नाव द्यायचं असतं. मी संतापात होतो. मी नाव दिलंच नाही.

एंटर.

काय सपासप गेलं म्हणता! पट्ट्यांवर पट्ट्या. दोनचार मातब्बरांनी लाल अक्षरात नकार दिला, बाकी सगळे गारद. वीस वर्षांत असलं समाधान मिळालं नव्हतं. बायकोला उठवून सांगणार होतो, पण तेवढी अक्कल शिल्लक होती.

सकाळी पहिलं काम काय, तर एका हळदीच्या बिलावरचे ५ टक्के काढायचे. कॅल्क्युलेटर नाही. हिशेबाचं काम करणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं कॅल्क्युलेटर उडवला. फोटो उघडत नाही, म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेली बिलं बघायची कशी? पिवळ्या चिठ्ठ्या गेल्या, त्यांवर कुणाचं काय भरायचं राहिलंय ते लिहिलेलं. म्हटलं, ठीक आहे, स्टोअरमधनं परत घेऊ. स्टोअरही उडवलेलं. आणि ज्यांनी लाल अक्षरात नकार दिला ते कोण होते? तो ब्राउझर, ज्याच्यामुळं हे सगळं झालं, तो जागचा हलला नाही. वर म्हणतोय, मला डीफॉल्ट करा.

भाच्याला फोन केला. तो आधी दोन मिनिटं हसला, मग म्हणाला, संध्याकाळी रिमोटनं बघतो. तोवर मी टेबलावरचा जुना कॅल्क्युलेटर काढलाय, जीएसटीचं वेगळं बटण असलेला. तो बिचारा काहीच विचारत नाही.

एवढ्यावर भागलं असतं, पण साडेदहाला अण्णा चहाचा कप घेऊन आले आणि खुर्चीत बसले. रोज या वेळी ते माझ्या लॅपटॉपवर पत्ते लावतात. कॉम्प्युटरसोबत फुकट पत्ते मिळायला लागले १९९० साली, म्हणे लोकांना माउसनं ओढायची सवय लागावी म्हणून. अण्णांना ती सवय लागली, पण आता प्रत्येक दोनचार डावांनंतर जाहिरात येते आणि ती नको असेल तर महिन्याला पैसे. अण्णा जाहिरातही शांतपणे बघतात. म्हणतात, तेवढ्यात चहा संपतो.

"पत्ते कुठं गेले रे?"

मी काही बोललो नाही. चप्पल घातली, गणपती पेठेत गेलो आणि पत्त्यांचा नवा कॅट आणून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी वेष्टण फाडलं, पानं हातात घेतली, थोडी तक्रार केली की हे आता पिसावे लागणार, आणि टेबलावर मांडायला लागले. मांडता मांडता थांबले. बावन्न पानं, दोन जोकर आणि एक पान जाहिरातीचं.

मी ते उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. का काढताय म्हणून त्यानं विचारलं नाही.