जुनी गादी कोण नेणार?

पुण्यात सहकारनगरला आई-बाबांची सोसायटी आहे आणि तिच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी म्युनिकमध्ये बसून अजूनही आहे. पाणी कधी जाणार, लिफ्ट कधी बंद, सगळं मला इकडे कळतं. गेल्या दिवाळीच्या साफसफाईनंतर तिथे वाद पेटला. कुणीतरी रात्री स्प्रिंगची डबल बेडची गादी गेटजवळ आणून टेकवली होती. घंटागाडीवाले हात लावेनात. भंगारवाला म्हणाला, कापड आणि फोम सोलून नुसत्या स्प्रिंगा द्या, नेतो. वॉचमनला दोनशे रुपये द्यावेत आणि "कुठेतरी टाकून ये" म्हणून सांगावं, असा ठराव जवळजवळ झालाच होता. आमच्याकडे कुठेतरी म्हणजे आंबिल ओढा. सप्टेंबर 2019 मध्ये त्या ओढ्याने काय केलं हे डोळ्यांनी पाहिलेली माणसंच हे लिहीत होती. मग एका काकांनी हुकमी वाक्य टाकलं: "परदेशात असं चालत नाही. तिकडे लोकांना शिस्त असते." आणि खाली मला टॅग.

हे शिस्तीचं प्रकरण मला कधीच पटलेलं नाही. म्युनिकमध्ये काचेच्या बाटल्यांचे कंटेनर ज्या कोपऱ्यांवर असतात, तिथे सोमवारी सकाळी चक्कर मारून पाहा. तुटका ड्रॉवर, पाय मोडलेली खुर्ची, पावसात भिजलेली गादी, हमखास काहीतरी असतंच. खोक्यावर "फुकट, घेऊन जा" अशी चिठ्ठी चिकटवली की टाकणाऱ्याचं मन साफ होतं. चिठ्ठी पावसात विरघळते, खोका तिथेच राहतो. तेव्हा जर्मन माणूस कचऱ्याच्या बाबतीत जन्मजात साधू असतो असं काही नाही. फरक आहे तो असा की ती गादी कुठे न्यायची हे त्याला माहीत असतं. तो नेत नाही तेव्हा तो आळशीच असतो, त्याला दुसरी सबब नाही. आपल्याकडे आळशी कोण आणि नाइलाज झालेला कोण, हे कळायलाच मार्ग नाही.

इथे जुनं सामान नेऊन द्यायला महापालिकेची 12 यार्डं आहेत, वेर्टश्टोफहोफ म्हणतात त्यांना. फाटकावरचा माणूस डिकीत डोकावतो, शहरातच राहता ना म्हणून विचारतो आणि कंटेनर दाखवतो. घरगुती सामान दोन घनमीटरपर्यंत फुकट. लाकडातही जाती आहेत: खोलीतलं कपाट एकीकडे, ऊनपाऊस खाल्लेलं आणि रसायन पाजलेलं खिडकीचं लाकूड दुसरीकडे. ट्यूबलाइटी लांबट पेटीत अलगद आडव्या ठेवायच्या, कारण आत पारा असतो आणि नळी फुटली की तो हवेत जातो. आरसा न काढता कपाट आणलंत तर परत पाठवत नाहीत, पण अशा नजरेने बघतात की पुढच्या वेळी आपण स्क्रूड्रायव्हर बरोबर घेऊनच निघतो. रंग, थिनर, कीटकनाशक आपण स्वतः कुठे टाकायचं नसतं. हातमोजे घातलेला कर्मचारी ते आपल्या हातातून घेतो. ज्यांना तिथवर जायचं नाही त्यांच्यासाठी गिफ्टमोबिल नावाची गाडी ठरलेल्या वेळापत्रकाने वस्त्यांमध्ये येते. जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष, भेटवस्तू नव्हे, हे नव्याने आलेल्यांना आधीच सांगितलेलं बरं. यार्डात आलेलं धडधाकट सामान बाजूला काढून महापालिका ते पासिंग भागातल्या 'हाले 2' या स्वतःच्याच दुकानात विकते. इथे शिकायला येणाऱ्या आपल्या मुलांना सायकल आणि टेबलासाठी मी आधी तोच पत्ता देतो.

यार्डाइतकंच महत्त्वाचं आहे दुकान. 400 चौरस मीटरपेक्षा जास्त जागेत विजेची उपकरणं विकणाऱ्या दुकानाला 2016 पासून छोटी उपकरणं परत घ्यावीच लागतात. वस्तू 25 सेंटिमीटरपेक्षा मोठी नसली म्हणजे झालं. ती तिथून घेतलेली असो वा नसो, नवीन काही घ्या किंवा घेऊ नका. जुलै 2022 पासून हे मोठ्या किराणा सुपरमार्केटनाही लागू झालं. तेव्हा विजेवरचा जुना टूथब्रश, केटल, चार्जर दूध आणायला जाताना पिशवीतून नेता येतात. बॅटरी जो विकतो तो परत घेतो. गाडीच्या बॅटरीवर तर साडेसात युरो अनामत असते, जुनी दिल्यावर परत मिळते. शिस्त म्हणतात ती अशी येते, दुधाच्या वाटेवर खोका ठेवला की.

आता दुसरी बाजू, जी सुट्टीत पुण्याला आलेला अनिवासी माणूस कधी सांगत नाही. यार्डात जायचं तर गाडी हवी. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी ऐंशीची आजी सोफा कसा नेणार? घरून उचलून न्यायला महापालिका येते, पण म्युनिकमध्ये त्याचे पैसे पडतात. फुकट यार्डही फुकट नाही; कचऱ्याच्या डब्याच्या शुल्कातून ते चालतं आणि भाडेकरू ते भाड्याबरोबरच्या खर्चात भरतो. एवढं करूनही जुन्या उपकरणांच्या बाबतीत जर्मनी नापासच आहे. युरोपीय संघाने 2019 पासून 65 टक्के गोळा करा असं सांगितलंय, जर्मनी त्याच्या बरीच खाली आहे. कुठे जातं बाकीचं? बरंचसं तळघरात आणि ड्रॉवरमध्ये पडून असतं, काही काळ्या डब्यात, म्हणजे उरलेल्या मिश्र कचऱ्याच्या डब्यात, जातं, काही परवाना नसलेले भंगारवाले व्हॅनमधून गोळा करतात. हो, इथेही भंगारवाले आहेत. पत्रपेटीत चिठ्ठ्या टाकून जातात.

आणि इथेच मला काकांशी भांडायचंय. किंमत असलेल्या वस्तूंच्या बाबतीत पुण्याचा भंगारवाला म्युनिकच्या यार्डापेक्षा उजवा आहे. तो दारात येतो, जिने चढतो, काटा लावतो, वर पैसे देतो. रद्दी, पत्रा, तांबं, पुठ्ठा, जुना पंखा यांपैकी काहीही ओढ्यात गेलेलं मी पाहिलेलं नाही. जुन्या साड्यांवर भांडं देणारी बोहारीण हे तर वस्तू फिरती ठेवणारं एक अख्खं खातंच होतं. त्याच भंगारवाल्याकडे गेलेल्या फ्रिजचं काय होतं तेही माहीत आहे: कॉम्प्रेसर निघतो, गॅस हवेत जातो, फोम कुठेतरी पडतो, वायरीतलं तांबं काढायला प्लास्टिक जाळतात आणि तो धूर जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. पण हा दोष माणसाचा नाही. त्याला तांब्याचे पैसे मिळतात, फोमचे कोणी देत नाही.

म्हणजे आपला प्रश्न नेमका तेवढाच उरतो: ज्याला भाव नाही ते. गादी. ट्यूबलाइट, जी आमच्या घरात वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटामागे उभी आहे, कारण आईला ती कचऱ्यात टाकवत नाही. बाबांच्या इन्सुलिनच्या सुया, तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये, बूच घट्ट लावून. तळाशी वाळलेला ऑइलपेंटचा डबा. मुदत संपलेल्या गोळ्या. ही आमचीच गोष्ट नाही. कोणत्याही मध्यमवर्गीय घराच्या माळ्यावर चढा.

गंमत अशी की या वस्तूंची यादी सरकारने केव्हाच केली आहे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत घरगुती घातक कचरा म्हणून रंगाचे डबे, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, पाऱ्याचे फुटके थर्मामीटर, बॅटऱ्या, सुया-सिरिंज हे सगळं नावानिशी आलं. शिवाय शहरात दर 20 चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र हवं असंही म्हटलं गेलं. आता हिशेब करा. म्युनिकचं क्षेत्रफळ 310 चौरस किलोमीटर आणि यार्डं 12, म्हणजे साधारण 26 चौरस किलोमीटरला एक. कागदावर आपण म्युनिकच्या पुढे आहोत! 500 चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेल्या पुण्यात अशी 25 केंद्रं हवीत. ग्रुपवर मी विचारलं, आपल्या जवळचं कोणतं? दीडेकशे माणसांच्या ग्रुपात एकालाही पत्ता सांगता आला नाही. एका काकूंनी 'स्वच्छ'च्या ताईंना विचारून कळवलं की त्यांची माणसं मोठं सामान आणि ई-कचरा गोळा करायची मोहीम अधूनमधून घेतात. तेवढा एकच धागा सापडला, तोही कचरावेचक महिलांच्या सहकारी संस्थेकडून.

जर्मनीची नुसती नक्कल मात्र करू नका. इथे शिळ्या गोळ्या सरळ काळ्या डब्यात टाका असंच बहुतेक ठिकाणी सांगतात, सुयाही बंद डब्यात घालून तिथेच. ते चालतं कारण 2005 पासून इथे प्रक्रिया न केलेला कचरा जमिनीवर टाकायला बंदी आहे. काळा डबा भट्टीत जातो आणि म्युनिकमध्ये त्या उष्णतेवर घरं गरम होतात. आपल्याकडे तोच डबा कुणीतरी हाताने उपसतं. औषधांपुरतं केरळकडे बघणं जास्त शहाणपणाचं: तिथल्या औषध नियंत्रण विभागाने 2025 मध्ये कोझिकोडपासून न वापरलेली औषधं परत घेण्याची योजना सुरू केली. पुण्यात वापरलेल्या सॅनिटरी पॅडच्या पुडीवर, हाताळणाऱ्याला ओळखता यावी म्हणून, लाल ठिपका काढायची सवय कचरावेचक बायकांनीच रेटून लावली. सुयांचंही तसंच होईल, पण ती सुई पुढे कोण घेणार हे आधी ठरवा.

शेवटी गाडी पैशावर येऊन थांबते. मुंबईत 2025 मध्ये महापालिकेने कचरा शुल्काचा मसुदा काढला, 50 चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना 100 रुपये, त्यावर 300 पर्यंतच्याला 500, तेव्हा ओरड झाली: मालमत्ता कर भरतो, आणखी कशाला? ओरड समजण्यासारखी आहे. पण नुसतं घराकडून घेऊन भागणार नाही, विकणाऱ्याकडूनही घ्यायला हवं. आपल्याकडे ई-कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम एप्रिल 2023 पासून लागू आहेत. त्यासाठी उत्पादकाने पुनर्चक्रण करणाऱ्याला द्यायचे किलोमागे किमान 22 रुपये सरकारने ठरवले, तर टीव्ही-फ्रिज बनवणाऱ्या काही बड्या कंपन्या कोर्टात गेल्या. पन्नास हजारांच्या फ्रिजमागे किलोला 22 रुपये जड झाले! या बातमीवर आमच्या ग्रुपवर एक अक्षर नाही. वॉचमनच्या दोनशे रुपयांवर मात्र दोन दिवस चर्चा.

माझं मत शुल्काच्या बाजूने आहे, एका अटीवर. पावतीच्या मागे जमा केंद्राचा पत्ता, वार, वेळ आणि तिथे काय काय घेतात ते छापलेलं हवं. ती बाजू कोरी असेल तोवर एक रुपयाही मागायला येऊ नये.